शून्य त्रुटी

पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली ही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी बाजारपेठ. शहरातल्या प्रयोगशाळांमध्ये अडलेले कितीतरी प्रयोग या गल्लीतल्या सामानाने सुटले आहेत. पीएच.डी.चे काम चालू असताना महिन्यातून एक-दोनदा माझीही तेथे फेरी होई. एकदा माझ्याबरोबर एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला एक विद्यार्थी होता. तो या गल्लीत पहिल्यांदाच येत होता. मी दुकानदाराकडे ७४१ ऑप-अँप मागितला. त्याने माझे बोलणे नीट ऐकून घेतले आणि त्या मुलाला विचारले, "आठ पिनचा ना? प्लास्टिकमधला चालेल की मेटल कॅनमधला?" मुलाने माझ्याकडे पाहिले. उत्तर मी दिले. पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच. कपॅसिटर, रेझिस्टन्स, सोल्डरची तार अशी सगळी यादी याच पद्धतीने पूर्ण झाली. प्रश्न त्याला, उत्तर माझे. मध्येच दुकानदार अगदी आपुलकीने मला म्हणाला, "ताई, तुम्ही बसा ना, स्टूल देतो."

यात अपमान कोठे झाला? दुकानदार उद्धट नव्हता. सामान चोख दिले, भावही वाजवी लावला. 'तुम्ही स्त्रियांना कमी लेखता का,' असे त्याला विचारले असते तर त्याने कानाला हात लावले असते, आणि ते ढोंग नसते. शिवाय मुलगा उंच होता, काउंटरच्या जवळ उभा होता, म्हणून त्याला विचारले असेल, असेही म्हणता येते. अशा प्रत्येक प्रसंगाला एखादे निरुपद्रवी स्पष्टीकरण सापडतेच. म्हणून बायका असे प्रसंग सांगू लागल्या की ऐकणारे म्हणतात, "तुम्हाला उगाच तसे वाटते." एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये हे आपणच वर्गात शिकवतो, तेव्हा या म्हणण्याला उत्तर द्यायचे तर त्याच शिस्तीने द्यायला हवे.

व्हर्निअर कॅलिपर शिकवताना आपण मुलांना पहिल्यांदा काय करायला लावतो? दोन्ही जबडे मिटवून शून्यावर शून्य येतो का ते पाहायला. तो येत नसेल तर त्या उपकरणात शून्य त्रुटी आहे. ही त्रुटी मोठी फसवी असते. प्रत्येक वाचनात ती तेवढीच आणि त्याच दिशेने मिसळलेली असते. हात थरथरल्यामुळे होणारी चूक कधी जास्त, कधी कमी असते, म्हणून दहा वाचनांची सरासरी घेतली की ती बरीचशी नाहीशी होते. शून्य त्रुटी मात्र हजार वाचने घेतली तरी जात नाही. उलट हजार वाचने एकसारखी आली म्हणून आपला उपकरणावरचा विश्वास वाढतो. ती शोधायची तर जिचे माप आधीच माहीत आहे अशी वस्तू जबड्यांत धरून पाहावी लागते.

स्त्रियांकडून आणि पुरुषांकडून समाज ज्या अपेक्षा ठेवतो, त्या मला अशा शून्य त्रुटीसारख्या वाटतात. माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. त्याच्या मनातले माप थोडेसे सरकलेले असते, एवढेच.

त्रुटी फार मोठी असेल तेव्हा ती नुसत्या डोळ्यांनाही दिसते. तापकीर गल्लीतून पाच-दहा मिनिटे चालत गेले की दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर लागते. त्याच्या समोर भिडे वाडा होता. तात्यासाहेब भिडे यांच्या या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. जोतीराव तेव्हा विशीच्या आसपासचे होते. सावित्रीबाईंचे वय होते सतरा वर्षे. मुलगी शिकली तर ती विधवा होते, असे त्या काळी पुष्कळ लोक मनापासून मानीत. शाळेत शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या बरोबर एक जादा लुगडे ठेवीत, ही हकिगत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १८४९ मध्ये या पतिपत्नींना जोतीरावांच्या वडिलांचे घरही सोडावे लागले. वाड्याच्या जागेचा वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयात चालला. मोडकळीला आलेली ती इमारत अखेर २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडण्यात आली आणि तेथे राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले.

त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवलेल्या कमला भागवत (पुढच्या कमला सोहोनी) यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. त्या मागे हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष काम पाहून ठरवू, या अटीवर त्यांना घेतले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. या घटनेत लपवाछपवी काही नाही. नकार, कारण आणि अट, तिन्ही समोर मांडलेले आहेत. फेकलेले शेण आणि नाकारलेला प्रवेश मोजायला सूक्ष्म उपकरण लागत नाही.

आता शेण कोणी फेकत नाही आणि प्रवेशही नाकारता येत नाही. मग उरलेली लहान त्रुटी कशी ओळखायची? कॅलिपरच्या बाबतीत जे करतो तेच करून. मोजायची वस्तू तीच ठेवायची आणि तिच्यावरची चिठ्ठी तेवढी बदलायची.

जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री या अमेरिकन संशोधकांनी १९७६ मध्ये असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत त्यांनी सुमारे दोनशे स्त्री-पुरुषांना दाखवली. झाकण उघडताच स्प्रिंगवरचा बाहुला टुणकन बाहेर येतो अशी पेटी बाळासमोर उघडली जाते आणि बाळ रडू लागते. काही प्रेक्षकांना सांगितले होते की हा मुलगा आहे, इतरांना सांगितले होते की ही मुलगी आहे. बाळ का रडते आहे? 'मुलगा' पाहणाऱ्यांचा कल 'त्याला राग आला' असे म्हणण्याकडे होता आणि 'मुलगी' पाहणाऱ्यांचा 'ती घाबरली' असे म्हणण्याकडे. चित्रफीत एकच, बाळ एकच, रडणेही तेच. रागावलेल्या मुलाला आपण खेळणे पुन्हा देतो आणि घाबरलेल्या मुलीसमोरून ते उचलून घेतो. पुढे काय होत असेल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरातल्या आठवणींवरून करावा.

दुसरा प्रयोग मला याहूनही बोलका वाटतो. न्यूयॉर्कमध्ये अकरा महिन्यांच्या रांगत्या बाळांसाठी एक उतरंड केली होती. तिचा उतार कमी-जास्त करता येई. 'तुमचे बाळ किती तीव्र उतारावरून रांगत खाली येऊ शकेल,' असे आयांना आधी विचारले आणि मग बाळांना खरोखरच उतरवून पाहिले. मुलगे आणि मुली यांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. मुलग्यांच्या आयांचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला आणि मुलींच्या आयांचा कमी. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात अंदाज करणाऱ्या सगळ्या आयाच होत्या, म्हणजे स्त्रियाच. सरकलेले माप फक्त पुरुषांच्याच खिशात असते असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या वयातही हेच घडते. अमेरिकेतील विद्यापीठांत विज्ञान शिकवणाऱ्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एका उमेदवाराचा अर्ज तपासायला दिला. अर्ज शब्दन् शब्द सारखा. निम्म्यांच्या अर्जावर जॉन हे नाव आणि निम्म्यांच्या अर्जावर जेनिफर. जॉन अधिक पात्र ठरला. त्याला सरासरी सुमारे ३०,२०० डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला, तर जेनिफरला सुमारे २६,५००. येथेही प्राध्यापक स्त्री असो वा पुरुष, कल तोच होता. २०१२ च्या या निबंधाने वैज्ञानिकांच्या जगात बरीच खळबळ उडवली. आम्ही वस्तुनिष्ठ असतो, असा आमचा जरा जास्तच समज असतो.

येथे मात्र कॅलिपरची उपमा तोकडी पडते. चुकीच्या कॅलिपरने मोजले म्हणून लोखंडाची गोळी लहान होत नाही. माणसाचे तसे नाही. सारखे कमी मोजले गेले की तो स्वतःलाही तसेच मोजू लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांना 'खूप खूप हुशार' असलेल्या एका व्यक्तीची गोष्ट सांगितली आणि ती व्यक्ती यांपैकी कोण असेल, असे चित्रे दाखवून विचारले. पाच वर्षांचे मुलगे बहुधा पुरुषांशी आणि पाच वर्षांच्या मुली बहुधा स्त्रियांशी हुशारी जोडत. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींच्या उत्तरांत हे प्रमाण खाली आले. 'खूप हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेल्या खेळातला त्यांचा रसही त्याच सुमारास कमी झाला. सहावे वर्ष म्हणजे आपल्याकडे पहिलीचा वर्ग.

'पण काही फरक निसर्गातच असतील ना?' हा प्रश्न शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात येतो आणि तो योग्यच आहे. उत्तर शोधायचे तर शरीरे तीच पण अपेक्षा वेगळ्या, अशी परिस्थिती हवी. ती आपल्याच देशात, ईशान्य भारतात सापडते. खासी समाजात वंश आईकडून मोजतात आणि घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. शेजारचा कार्बी समाज पितृवंशीय आहे. तेथे स्त्रियांच्या नावावर सहसा जमीन नसते. संशोधकांनी या दोन्ही समाजांतील सुमारे १,३०० लोकांना चार तुकड्यांचे एक चित्रकोडे जुळवायला दिले आणि वेळ मोजला. अवकाशाची जाण मोजण्याचा हा एक साधा प्रकार आहे आणि यात पुरुष उपजतच पुढे असतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. कार्बी समाजात पुरुष स्पष्टपणे पुढे होते. खासी समाजात स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. कार्बींमधल्या फरकाचा सुमारे तिसरा हिस्सा शिक्षणातल्या फरकामुळे होता, असे २०११ च्या या अभ्यासाने दाखवले. एका कोड्यावरून सगळ्या बुद्धीबद्दल बोलता येणार नाही. पण 'निसर्गच तसा' म्हणण्यापूर्वी खासी घरांत निसर्ग वेगळा कसा झाला, हे तरी सांगावे लागेल.

आता प्रयोगशाळेतून घरात येऊ. घरकामाचे मोजमाप करणे अवघड, कारण त्याची नोंद कोठेच होत नाही. आपल्याकडे ते पहिल्यांदा पद्धतशीरपणे मोजले गेले १९९८-९९ मध्ये, सहा राज्यांत. संपूर्ण देशाची वेळ-वापर पाहणी २०१९ साली झाली. सुमारे १ लाख ३९ हजार घरांतील माणसांना आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांत अर्ध्या अर्ध्या तासाला काय केले, ते विचारले. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ गेलेला दिसला आणि पुरुषांचा ९७ मिनिटे.

हे ९७ मिनिटे वाचून माझ्या एका सहकाऱ्याने समाधानाने मान हलवली. म्हणून येथे थोडे थांबू. सांख्यिकी शिकवणाऱ्यांना हे उदाहरण उपयोगी पडेल. ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या माणसांची आहे. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्क्यांनी त्या दिवशी घरकाम केले होते आणि पुरुषांपैकी २६.१ टक्क्यांनी. काम न केलेल्यांना शून्य मिनिटे धरून सर्वांची सरासरी काढा. स्त्रियांची येते सुमारे २४३ मिनिटे आणि पुरुषांची सुमारे २५. म्हणजे तीनपट वाटणारा फरक जवळजवळ दहापट निघतो. भाजक कोणता घेतला हे न पाहता सरासरी स्वीकारू नये, हे याहून चांगले कोणत्या गणितातून शिकवता येईल?

पुढची पाहणी झाली २०२४ साली. काम करणाऱ्यांची सरासरी तेव्हा स्त्रियांसाठी २८९ मिनिटे आली आणि पुरुषांसाठी ८८. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली हे खरे. पण पुरुषांचीही नऊ वाचली. २०१९ मध्ये अंतर होते २०२ मिनिटांचे, २०२४ मध्ये २०१. पाच वर्षांत एक मिनिट. हा वेळ कशातून कापला जातो? एखाद्या मुलीच्या अभ्यासातून, एखाद्या शिक्षिकेच्या वाचनातून, दुखणे घेऊन दवाखान्यात जायच्या अर्ध्या दिवसातून. एका दिवसाच्या हिशेबात हे 'आज राहून गेले' इतकेच दिसते.

बुधवार पेठेबद्दल लिहायचे आणि तेथल्या एका वस्तीबद्दल गप्प राहायचे, ही पुण्याची जुनी सवय आहे. पुस्तके, देऊळ, तुळशीबाग आणि तापकीर गल्ली यांच्याच शेजारी शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची वस्ती आहे. तिच्यामुळे शहराच्या मनात बायकांचे दोन कप्पे झाले: घरंदाज बायका आणि त्या गल्लीतल्या बायका. एका कप्प्याला सुरक्षित मानायचे आणि दुसऱ्याला धोक्याचे. दोन्ही कप्प्यांमध्ये ये-जा करणारा पुरुष मात्र या हिशेबात कोठेच धरलेला नव्हता.

विषाणूला हे कप्पे कळत नाहीत. एड्सची साथ वाढू लागली तेव्हा, १९९३ ते १९९६ या काळात, पुण्यातील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास झाला. १९९२ साली भोसरीला सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांचा त्यात प्रमुख वाटा होता. ९१६ पैकी ५२५ स्त्रिया शरीरविक्रय करणाऱ्या होत्या, त्यांच्यात एच.आय.व्ही.चे प्रमाण ४९.९ टक्के आढळले. उरलेल्या ३९१ त्या व्यवसायातल्या नव्हत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या. त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के होते. या सगळ्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेल्या स्त्रिया होत्या, म्हणून हा आकडा शहरातल्या सर्व विवाहित स्त्रियांना लावता येणार नाही. पण विवाहित स्त्रियांना धोका कशातून होता? त्यांच्या स्वतःच्या वागण्यात तो सापडला नाही. लैंगिक आजार असलेल्या जोडीदाराशी, म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्याशी, आलेला संबंध हेच ठळक कारण निघाले. १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे निष्कर्ष छापले गेले.

चांगली बायको नवऱ्याला प्रश्न विचारत नाही, ही अपेक्षा. ती पाळणाऱ्या बाईला निरोध वापरण्याबद्दल बोलता येत नव्हते, तो कोठे जातो हे विचारता येत नव्हते आणि स्वतःचे दुखणे सांगतानाही 'तुझ्यातच काही असेल' हे ऐकावे लागत होते. 'वाईट बाई' ठरलेलीला तर पोलीस आणि दवाखाना दोन्हीकडे दाराबाहेर ठेवले जाई. अशा स्त्रियांनाही सन्मानाने वागवले पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले ते २०२२ साली. एकाच मापाने दोघींनाही कमी मोजले आणि येथे चुकीची किंमत मिनिटांत किंवा डॉलरमध्ये द्यावी लागली नाही.

शाळेत आपल्याला काय करता येईल? बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रे बदलली. आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दिसू लागले. त्यावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले. चित्रे छोटी, पण सहावे वर्ष लक्षात घेता जागा अचूक निवडली होती.

पुस्तकाबाहेर आपण स्वतः उरतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळी वर्गात मी एका सहकारी शिक्षिकेला मागच्या बाकावर बसवले आणि मी कोणाला प्रश्न विचारते त्याच्या ताळ्याच्या खुणा करायला सांगितले. मुलगे आणि मुली संख्येने सारखे होते. एकूण प्रश्नही जवळजवळ सारखेच निघाले आणि मी खूश झाले. मग तिने दुसरा कागद पुढे केला. व्याख्या आणि नियम मी मुलींना विचारले होते, कारण त्या पाठ करतात. गणिते आणि 'असे का होत असेल' हे प्रश्न बहुतेक मुलग्यांना. तापकीर गल्लीतल्या त्या दुकानदाराला मी इतकी वर्षे लोकांसमोर उभे करीत आले होते!

एक प्रयोग तुमच्या वर्गातही करता येईल. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये ४,८०७ लहान मुलांनी काढलेल्या शास्त्रज्ञांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत स्त्री-शास्त्रज्ञ होत्या फक्त २८ आणि ती सर्व चित्रे मुलींनी काढलेली होती. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत हे प्रमाण पुष्कळ वाढले. मराठी वर्गात हा प्रयोग करताना एक अडचण येते. इंग्रजीतल्या 'सायंटिस्ट' या शब्दावरून बाई की पुरुष ते कळत नाही. आपण 'शास्त्रज्ञाचे चित्र काढा' असे सांगितले की त्या 'शास्त्रज्ञाचे' मधल्या काना-मात्रेनेच तो पुरुष ठरवून टाकलेला असतो. 'शास्त्रज्ञ काय करतो ते दाखवा' म्हणालो तर विचारायलाच नको. म्हणजे येथे प्रश्नातच शून्य त्रुटी आहे.

म्हणून वर्गाचे दोन गट करा. एका गटाला 'शास्त्रज्ञाचे चित्र काढा' असे लिहिलेली चिठ्ठी द्या. दुसऱ्या गटाला 'शास्त्रज्ञांपैकी कोणाही एका व्यक्तीचे चित्र काढा' अशी. तोंडी काहीही सांगू नका, आवाजातूनही पुष्कळ कळते. चित्राच्या मागे त्या व्यक्तीचे नाव लिहायला सांगा, म्हणजे स्त्री की पुरुष हे तुम्हाला केसांवरून ठरवावे लागणार नाही. दोन्ही गटांतल्या खुणा वेगवेगळ्या मांडा, आणि मोजायचे काम मुलांनाच द्या.